मध काढणाऱ्यांचं आडनाव

सिस्टर गल्फमधल्या देरा बंदरात आल्या, त्या पहिल्याच सकाळी डॉक्टरांनी त्यांचं नाव बदलून टाकलं.

“हे उच्चारणं मला जमायचं नाही,” हातातल्या कागदाकडे बघत डॉक्टर हसून म्हणाले. “आणि इथल्या बायकांना तर मुळीच नाही. तुमच्या आधीच्या सिस्टरचं नाव सुटसुटीत होतं. तेच तुम्ही चालवा. पेशंटना सवयही आहे.”

डॉक्टर इंग्रज होते. सिस्टर जर्मन होत्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या, उंच, हाडापेराने मजबूत. बोटीतून उतरून थेट दवाखान्यात आल्या होत्या आणि उकाड्याने चेहरा लालभडक झाला होता. त्यांनी बॅग खाली ठेवली.

“त्या बाई गेल्या, त्यांचं नावही त्यांच्याबरोबर गेलं,” त्या म्हणाल्या. “मी माझं घेऊन आलेय.”

आणि त्यांनी आपलं आडनाव सावकाश, तुकडे पाडून, शाळेतल्या बाईंसारखं उच्चारून दाखवलं. डॉक्टरांनी प्रयत्न केला. त्यांच्या तोंडून ते ‘झ’ने सुरू झालं. “नाही,” सिस्टर म्हणाल्या. डॉक्टरांनी पुन्हा म्हटलं. पुन्हा “नाही.” मग डॉक्टर वैतागून माझ्याकडे वळले. “तू म्हणून बघ. तुला तर सगळ्याच भाषा येतात.”

मी म्हटलं. पहिल्याच खेपेला आलं. त्यात माझी काही हुशारी नव्हती. त्या नावाचं पहिलं अक्षर म्हणजे आपल्या ‘चाक’मधला, ‘चमचा’मधला च. हिंदीवाल्यांकडे तो नाही, इंग्रजाकडे नाही, अरबाकडे नाही. माझ्याकडे जन्मापासून होता. सिस्टरनी माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता या बाई रडतात की काय. पण त्या रडणाऱ्यांतल्या नव्हत्या. “पुन्हा,” त्या म्हणाल्या. मी पुन्हा म्हटलं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. ते इतकं दुर्मीळ आहे की लिहिलं तर माणसाचा पत्ताच दिल्यासारखं होईल. माझ्या माहेरच्या आडनावाचंही तसंच, म्हणून तेही लिहीत नाही. इथे मी त्यांना नुसतं सिस्टर म्हणते आहे. त्यांना ते आवडलं नसतं.

मी त्या दवाखान्यात दुभाषी होते. साठच्या दशकातली गोष्ट. रत्नागिरीकडची आमची बरीच माणसं तेव्हा गल्फमध्ये यायला लागली होती. माझे मिस्टर देऱ्यात एका व्यापाऱ्याच्या ऑफिसात कारकून होते. लग्नानंतर त्यांनी मला बोलावून घेतलं आणि खाडीजवळच्या गल्लीत एका दगडी घराच्या माडीवर आम्ही दोन खोल्या घेतल्या. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली. मराठी, उर्दू, इंग्रजी येत होतं आणि शेजारणींशी भांडता भांडता अरबीही आलं. दवाखाना बायकांचा, बाळंतपणाचा. येणाऱ्या बायकांत अरब, बलुची, इराणी, सिंधी, मलबारी, सगळ्या. कोणाला काय दुखतंय ते डॉक्टरांना सांगायला आणि डॉक्टर काय म्हणतात ते बायकांना सांगायला माझ्यासारखी कोणीतरी लागायचीच.

त्या दिवसापासून डॉक्टरांचं आणि सिस्टरांचं जुंपलं. डॉक्टर वाईट नव्हते. ते मेहनती होते, गरिबांकडून पैसे घेत नसत. पण आपण ठेवलेलं नाव माणसाने निमूट घ्यावं, यात त्यांना काही चुकीचं दिसत नव्हतं. तिथल्या सगळ्या भारतीय मदतनीस बायकांना ते एकाच नावाने हाक मारायचे. ते नाव त्यांतल्या एकीचंही नव्हतं.

सिस्टरांचा नियम साधा होता. पेशंटचं काम असेल तर कोणी कोणत्याही नावाने ओरडो, त्या धावत जायच्या. पण डॉक्टर चहा पिता पिता, किंवा उद्याच्या कामाचं बोलायला, त्या जुन्या सिस्टरच्या नावाने हाक मारायचे तेव्हा त्या हातातलं काम करत राहायच्या. मान वळवायच्या नाहीत.

“ऐकू येत नाही का?” एकदा डॉक्टर खोलीच्या दारात येऊन म्हणाले.

“येतं ना,” सिस्टर चादरीची घडी घालत म्हणाल्या. “तुम्ही कोणाला तरी बोलावताय. ती बाई इथे नाही.”

आम्ही बाकीच्या बायका तोंडाला पदर, ओढण्या लावून हसत होतो. डॉक्टरांनी मला खुणेने बाहेर बोलावलं आणि म्हणाले, “समजाव तिला.” मी म्हटलं, “सर, च सोपा आहे. जीभ दातांना लावायची.”

पेशंट बायकांची गंमत वेगळी होती. त्यांना तो च जमायचाच नाही. कोणी स म्हणे, कोणी मध्येच एक त घाले, एक बलुची म्हातारी तर नावाला शेपूट लावून भलतंच काहीतरी म्हणायची. सिस्टर त्या प्रत्येकीला ओ द्यायच्या. मी विचारलं, “यांचं कसं चालतं तुम्हाला?” तर म्हणाल्या, “त्या माझंच नाव म्हणतायत. तोंड त्यांचं आहे.”

शेवटी डॉक्टर थकले. एका सकाळी त्यांनी दारातून सिस्टरांचं खरं आडनाव घेऊन हाक मारली. ‘झ’ आणि ‘च’ यांच्या मध्ये कुठेतरी अडकलेलं होतं, पण होतं तेच. सिस्टर लगेच उठल्या. “येस, डॉक्टर,” म्हणाल्या. त्यानंतर त्या दोघांचं उत्तम जमलं.

त्या नावाचा अर्थ मला पुढच्या थंडीत कळला. डोंगराकडच्या एका माणसाच्या बायकोची सुटका अवघड झाली होती, दोन्ही जीव वाचले. तो माणूस मधाची बाटली घेऊन आला. आत पोळ्याचे तुकडे तरंगत होते. सिस्टरांनी बूच काढून वास घेतला आणि बाटली हातात धरून ओट्यावर बसून राहिल्या. मी शेजारी बसले.

“माझं नाव यातून आलंय,” त्या म्हणाल्या.

मग त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे फार जुन्या काळी मोठाली जंगलं होती आणि मधमाश्या उंच पाइन झाडांच्या ढोलीत राहायच्या. काही घराणी पिढ्यान्‌पिढ्या दोर बांधून त्या झाडांवर चढायची आणि मध काढायची. सगळा नाही काढायचा, माश्यांना थंडीपुरता ठेवायचा. कोणतं झाड कुणाचं ते ठरलेलं असे. राजाने त्यांना धनुष्य बाळगायची परवानगी दिलेली होती आणि त्यांची भांडणं त्यांच्याच पंचायतीत सुटत. या लोकांना एक वेगळा शब्द होता. त्यांची जंगलात एक छोटी वस्ती होती, तिला त्या शब्दावरून नाव पडलं. आणि त्या वस्तीतून जो बाहेर पडला त्याला लोक त्या वस्तीचा म्हणून ओळखायला लागले. गावाच्या नावाला पुढे एक छोटा प्रत्यय लावला की झालं आडनाव.

“म्हणजे आमच्या ‘कर’सारखं,” मी म्हटलं.

“काय?”

मी समजावलं. आमच्याकडे गावाच्या नावाला कर लावतात. हिंदू असो, मुसलमान असो, कोकणात गाव आडनावात असतो. त्यांना ते इतकं आवडलं की त्या दिवसभर जो भेटेल त्याच्या गावाला कर लावत होत्या. डॉक्टरांच्या गावालाही लावला.

पण गोष्ट तिथे संपत नव्हती. मध काढणाऱ्यांसाठीचा तो मूळ शब्द जर्मन की सरहद्दीपलीकडच्या लोकांचा, यावर जाणकारांचं एकमत नव्हतं. एरवी असल्या गोष्टीची कोणाला पडलेली नसते. पण सिस्टर शाळेत होत्या तेव्हा त्यांच्या देशात असं सरकार आलं की त्याला ती पडली. त्यांचे वडील गावातले शाळामास्तर. एक अधिकारी घरी आला आणि म्हणाला, “मास्तर, तुमचं आडनाव कानाला आपलं वाटत नाही. पलीकडच्यांचं वाटतं. बदलून घ्या. चांगलं स्वच्छ नाव देतो.”

“मग?” मी विचारलं.

“वडील म्हणाले, शब्द आधी कोणाचा ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. मध दोन्हीकडचे लोक काढत होते. नाव मी बदलणार नाही.” सिस्टरांनी बाटलीला बूच लावलं. “शाळा गेली. ते लाकडाच्या वखारीत कामाला लागले. माझ्या काकाने नाव बदललं, त्याची नोकरी राहिली. पण त्याच्या मुलांना आता विचारलं तर हे नाव त्यांना माहीतही नाही.”

त्यांचे दोघे भाऊ लढाईत गेले ते आले नाहीत. लढाई संपल्यावर सरहद्द सरकली, आणि ज्या नावामुळे त्यांना पलीकडचं ठरवलं होतं, ते नाव घेऊन त्यांना आता पलीकडच्यांनी जर्मन म्हणून हाकललं. हातगाडीवर सामान आणि आई. वस्तीला नवीन भाषेतलं नवीन नाव मिळालं. जुनं नाव नकाशावर उरलं नाही. वडील परक्या शहरात, निर्वासितांच्या पत्र्याच्या चाळीत वारले.

“मी कोणत्याही शहरात गेले की पहिल्यांदा टेलिफोनची डिरेक्टरी उघडते,” त्या म्हणाल्या. “आमच्याकडे पोस्टात सगळ्या शहरांच्या असतात. ते पान काढते. माझ्या आधीचं नाव असतं, नंतरचं असतं. माझं नसतं.”

त्या उठल्या, मधाची बाटली कपाटात ठेवली आणि कामाला लागल्या.

इंजिनियर आला तो त्यानंतर, उन्हाळा सुरू होताना. वाळवंटात तेल शोधायला परदेशी लोकांच्या तुकड्या फिरत होत्या, त्यातल्या एका तुकडीतला हा जर्मन. यंत्रात हात सापडून मनगटापासून फाटला होता. खरं तर दवाखाना बायकांचा, पण ड्रायव्हरला जवळ तोच दिसला. रक्ताने माखलेला टॉवेल गुंडाळून तो माणूस आत आला. सिस्टरांनी टाके घातले. आपल्या भाषेतलं माणूस खूप महिन्यांनी भेटलेलं, दोघं भराभर बोलत होते. मग त्याने त्यांचं नाव विचारलं. त्यांनी सांगितलं.

तो काहीतरी बोलून हसला. सिस्टरांचा सुईचा हात थांबला.

नंतर मी विचारलं, तर कळलं, तो म्हणाला होता, “असं जर्मन नावच नसतं. माझा जन्म तिथे गेला, मी कधी ऐकलं नाही.”

सिस्टरांनी उरलेले टाके घातले, नीट, एकसारखे. पट्टी बांधली. मग सरळ उभ्या राहून त्याला जे काही सुनावलं, त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही, पण त्या माणसाचा चेहरा उतरत गेला तो मी बघितला. तो उठला, चांगल्या हाताने टोपी घेतली आणि खाली मान घालून बाहेर गेला.

“काय म्हणालात?”

“म्हटलं, तुझं नाव मला गल्लीगल्लीत मिळेल. ते ऐकायला माणसाला काही करावं लागत नाही. माझं नाव टिकवायला माझ्या बापाने शाळा सोडली.”

त्याचं आडनाव खरंच फार सर्रास होतं, आपल्याकडच्या पाटलासारखं.

टाके काढायला तो आला तेव्हा माफी मागितली. मग पुढच्या शुक्रवारी काही कारण नसताना आला. मग दर शुक्रवारी यायला लागला. दवाखान्याच्या व्हरांड्यात दोन खुर्च्या टाकून दोघं बसायचे, संत्री सोलत. तो पन्नाशीकडे झुकलेला, शांत, कामावरून भाजून निघालेला माणूस. त्याची पहिली बायको लढाईत बॉम्बमध्ये गेली होती. डॉक्टरांनी सिस्टरांना बजावलं, “हा परका मुलूख आहे. लोक बोलतात.”

“दार उघडं आहे,” सिस्टर म्हणाल्या. “खुर्च्या रस्त्यावरून दिसतात. ज्यांना बोलायचंय त्यांना नीट बघून बोलू दे.”

तो रजेवर घरी गेला आणि परत आला, त्या शुक्रवारी मी ड्युटीवर होते. सिस्टर हसत आत आल्या. असं त्यांना हसताना मी बघितलंच नव्हतं. “हा वेडा,” त्या म्हणाल्या, “सुट्टीत पोस्टात जाऊन बसला. एकेका शहराची डिरेक्टरी काढून माझं नाव शोधत होता. मला म्हणतो, तुम्ही खोटं बोलला नव्हता, आणि मीही नव्हतो. असं नाव तिथे नाही. ते इथे आहे, देऱ्यात.”

त्याच दिवशी त्याने लग्नाचं विचारलं होतं.

“मग?” मी आनंदाने ओरडलेच.

“मग काय. लग्न केलं की मी त्याच्या नावाची होणार. आमचा कायदा आहे. फार तर माझं नाव त्याच्या नावामागे शेपटासारखं जोडता येईल. मला शेपूट नको.”

“त्यांना सांगितलंत?”

“सांगितलं. तो म्हणतो, मीच तुझं घेतो, मला काय फरक पडतो. पण तो हेही विचारून आलाय. पुरुषाने बायकोचं नाव घ्यायची सोय नाही.”

आम्ही हे बोलत होतो तिथे खाटेवर एक अरब बाई होती. तिचा बाप मोती काढणाऱ्या जहाजांचा कप्तान होता आणि तिचा आवाजही जहाजावर चालेल असा होता. दुसरी मुलगी झाली होती, ती कुशीत घेऊन पडली होती. सिस्टरांचा चेहरा बघून तिने मला विचारलं, “काय झालं? कोण मेलं?”

मी तिला अरबीतून सगळं सांगितलं. तिला काही केल्या समजेना. मी पुन्हा सांगितलं. मग ती बाळाला बाजूला ठेवून उठूनच बसली.

“निकाह झाला की बाप बदलतो?”

“बाप नाही. नाव.”

“तेच ते. मी माझ्या बापाची मुलगी आहे. उद्या नवरा बदलला तरी बाप तोच ना? नाव नवऱ्याचं लावायचं म्हणजे त्याने विकत घेतलं काय मला? उंटावर छाप मारतात तसा?” ती सिस्टरांकडे बोट दाखवून म्हणाली, “सांग तिला, त्या माणसाला इथे आणायचं आणि इथेच निकाह लावायचा. आमच्यात कोणाचं नाव जात नाही. खलास.”

मी सिस्टरांना सांगितलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागले. पुसता पुसता मध्येच थांबल्या आणि मला विचारलं, “तुझाही धर्म हाच ना? मग तू वडिलांचं नाव लावत असशील.”

“नाही,” मी म्हटलं. “मिस्टरांचं.”

“का?”

मुंबईला पासपोर्ट काढताना कारकुनाने लिहिलं होतं. मला कोणी विचारलं नव्हतं. कोकणात, मराठी मुलखात, तसं करतात म्हणून केलं होतं.

माझे अब्बा तांडेल होते, गलबत चालवायचे. आमची वाडी खाडीच्या आतल्या अंगाला, जिथे पूर्वी होड्या ओढून काढत. त्या कामावरून वाडीला नाव पडलेलं आणि वाडीवरून आम्हाला. ते आडनाव लावणारी घरं कधीच फार नव्हती. काही देवीच्या साथीत गेली, काही आफ्रिकेकडे गेली ती परतली नाहीत. अब्बांना आम्ही दोघी मुलीच. अब्बा वारले तेव्हा आमच्या दोघींची लग्नं झालेली होती. म्हणजे ते नाव लावणारं माणूस जगात उरलं नव्हतं, आणि मी इतकी वर्षं त्याचा विचारसुद्धा केला नव्हता. दुसऱ्याच्या नावासाठी तेवढी हसत होते, भांडत होते.

त्या संध्याकाळी घरी मिस्टरांना चहा दिला आणि सांगितलं, “मी आजपासून अब्बांचं नाव लावणार.”

त्यांना वाटलं मी चेष्टा करते आहे. मग कळलं चेष्टा नाही.

“लोक म्हणतील तलाक झाला.”

“तुम्ही रोज घरी जेवायला येता ते लोकांना दिसतंच.”

“माझ्या नावात काय वाईट आहे?”

“काही नाही. चांगलं आहे. ते तुमचं आहे.”

ते चहा तसाच टाकून बाहेर गेले. पुढे बरेच दिवस आमच्यात कामापुरतं बोलणं. माझे मिस्टर साधे, भिडस्त. ऑफिसातले, मशिदीतले रत्नागिरीकडचे लोक त्यांना चिडवत असणार हे मला कळत होतं आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटत होतं. पण मागे फिरायचं माझ्या मनात एकदाही आलं नाही.

एके दिवशी आमच्याकडचे एक बुजुर्ग गृहस्थ समजवायला आले. देऱ्यात आमच्या लोकांत त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी सुपारी कातरत सुरुवात केली, “बाय, आपल्यात असं करत नाहीत.”

“आपल्यात म्हणजे कोणात, चाचा?” मी विचारलं. “मुसलमानांत म्हणत असाल तर शरियतीत बायको बापाचंच नाव लावते. तुम्ही मला शिकवायला पाहिजे होतं, ते मला एका बाळंतिणीने शिकवलं.”

“शरियत वेगळी, रिवाज वेगळा.”

“मग मी शरियत घेते. रिवाज तुम्ही घ्या.”

त्यांनी सुपारी तोंडात टाकली आणि मिस्टरांकडे बघून म्हणाले, “हिच्याशी मी बोलू शकत नाही.” मिस्टर म्हणाले, “मीही नाही.” आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर थोडं हसू आलं. चाचा गेल्यावर त्यांनी ताट मागितलं. त्याबद्दल पुढे आमच्यात वाद झाला नाही. कबूलही त्यांनी केलं नाही. अब्बांचं ते नाव त्यांच्या तोंडून मी तोवर एकदाही ऐकलं नव्हतं.

दवाखान्यात मी डॉक्टरांना सांगितलं, माझ्या नावापुढे यापुढे हे लिहा. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “तूसुद्धा?” पण लिहिलं, आणि बरोबर लिहिलं. सिस्टर मागे उभ्या राहून स्पेलिंग बघत होत्या.

सिस्टरांनी लग्न केलं नाही. अरब बाईचा सल्ला इंजिनियरला पसंत होता, पण देऱ्यातला निकाह त्यांच्या देशात धरला गेला नसता, आणि सिस्टरांना अर्धवट काही नको होतं. “मला लपवायचंही नाही आणि द्यायचंही नाही,” त्या म्हणाल्या. तो चिडला असेल असं मला वाटलं होतं. चिडला नाही. शुक्रवार चालू राहिले. मग तुकडीचं काम संपलं आणि त्याला दुसऱ्या कुठल्या वाळवंटात पाठवलं. तो निघाला त्या दिवशी सिस्टर खाडीपर्यंत गेल्या, परत आल्या आणि दोन बाळंतपणं केली. मी म्हटलं, “आज सुट्टी घ्या.” त्या म्हणाल्या, “कशासाठी? माझं कोणी हरवलेलं नाही.” पण त्या आठवड्यात त्यांनी व्हरांड्यातली एक खुर्ची उचलून आत नेऊन ठेवली, ते मी बघितलं.

दशक संपत आलं तेव्हा त्याही गेल्या. त्यांच्या देशातल्या एका हॉस्पिटलात जागा मिळाली होती. जाताना मी विचारलं, “तिथे पोहोचल्यावर डिरेक्टरी बघणार?”

“आता बघायची नाही,” त्या म्हणाल्या. “टेलिफोन घेणार. त्यांना छापावं लागेल.”

बरीच वर्षं गेली. तोवर इथे एमिरेट्सचा एक देश झाला होता, आम्ही स्वस्त घर बघून अजमानला राहायला गेलो होतो आणि माझी मुलगी मला इंग्रजीत उत्तरं द्यायला लागली होती. तेव्हा नव्या वर्षाचं एक कार्ड आलं, देऱ्याच्या पत्त्यावरून फिरत फिरत. बर्फाचं चित्र, आत दोन ओळी. त्यांच्या देशात कायदा बदलला होता. आता नवराबायको दोघांपैकी कोणाचंही नाव घरासाठी निवडू शकत होते. खाली दोन पहिली नावं होती, एक सिस्टरांचं, एक इंजिनियरचं, आणि दोघांपुढे मिळून एकच आडनाव, सिस्टरांचं. त्या वयात दोघांनी रजिस्ट्रारपुढे जाऊन लग्न केलं होतं. म्हणजे ते नाव लावणारी माणसं आता जगात दोन झाली होती.

मी ते कार्ड मिस्टरांच्या हातात दिलं. त्यांनी वाचलं, पुन्हा वाचलं. “हा इंजिनियर मोठा माणूस म्हणायचा,” एवढंच म्हणाले.

माझा पासपोर्ट मात्र अजून जुन्याच नावाचा होता. दर नूतनीकरणाला मी अर्ज करायचे आणि दर वेळी कोणीतरी काहीतरी कमी काढायचा. पुढच्या सुट्टीत आम्ही मुंबईला आलो तेव्हा मी पासपोर्ट ऑफिसला गेले. मिस्टर बरोबर होते, बॅग सांभाळायला. खिडकीतल्या कारकुनाने कागद उलटेपालटे केले आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

“बाई, घटस्फोट झालाय का?”

“नाही.”

“मग मिस्टर वारले?”

मी उत्तर द्यायच्या आत माझ्या खांद्यावरून हात पुढे आला आणि मिस्टरांनी खिडकीच्या फळीवर बोटं टेकवली.

“मी हयात आहे,” ते म्हणाले. “समोर उभा आहे. तिच्या वडिलांचं नाव आहे ते.” आणि आमच्या वाडीचं नाव, कर लावून, त्यांनी मोठ्याने, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. “लिहा.”

कारकुनाने पेन उचललं.